फोक्सवॅगन अडचणीत आहे, मग वाळूजच्या व्हेंडरने मशिन घ्यावं का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे चुकलो असेन तर सांगता येईल. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजला तुमचं प्रेस शॉप आहे, म्हणजे पत्रा दाबून पार्ट काढायचा कारखाना. चार पॉवर प्रेस, दोन सीएनसी, पंधरा-सोळा माणसं. सत्तर टक्के काम एकाच टियर-वनचं, म्हणजे गाडी कंपनीला थेट माल देणाऱ्याचं, आणि तो माल पुढं फोक्सवॅगन समूहाच्या गाड्यांना लागतो. आता व्हीएमसी, म्हणजे संगणकावर चालणारं उभं मिलिंग मशिन, घ्यायचं घाटतंय. बँक तारण मागते आणि वडील म्हणतात गंगापूरची चार एकर लावू. तेवढ्यात तुम्ही वाचलं की जर्मनीत ३५,००० माणसं कमी होणार, कारखान्यांना कुलपं लागणार. म्हणून विचारताय की एवढी मोठी कंपनी बुडाली तर आपलं काय.

मी या धंद्यात तीस वर्षं काढली. आधी टूल रूम, मग एका टियर-वनकडे सप्लायर क्वालिटी, आणि गेली काही वर्षं तुमच्यासारख्या छोट्या व्हेंडरांसोबत शॉपफ्लोअरवर. उत्तर लांबेल, चहा घेऊन बसा.

पहिली गोष्ट, ही कंपनी बुडत नाहीये. २०२४ साली समूहाने जगभरात ९० लाखांच्या आसपास गाड्या विकल्या, उलाढाल ३२४ अब्ज युरोंच्या घरात होती आणि कामकाजाचा खर्च जाऊन १९ अब्ज युरो नफा उरला. बुडणारी कंपनी अशी नसते. पण तुम्ही निवांत व्हावं म्हणून हे सांगत नाहीये. कंपनी जागेवर राहते आणि तुमचा पार्ट जातो, असं आपल्याकडं कितीतरी वेळा झालंय. १ एप्रिल २०२० ला बीएस-६ लागू झालं तेव्हा याच समूहाने भारतात डिझेल इंजिनं बंद केली. मारुतीनेही केली. दोन्ही कंपन्या आज गाड्या विकतायत. पण ज्याच्याकडं फक्त डिझेलच्या फ्युएल लाइनचे क्लॅम्प होते, त्याच्या दृष्टीनं कंपनी त्याच दिवशी बंद पडली.

म्हणून वोल्फ्सबर्गची, म्हणजे फोक्सवॅगनच्या मुख्यालयाची, बातमी नंतर, आधी तुमचे चार पार्ट बघू. तुम्ही लिहिलंय: सायलेन्सरचा हँगर ब्रॅकेट, इंजिन माउंटिंगची प्लेट, सीट रिक्लायनरचं ब्रॅकेट आणि हँडब्रेकच्या लिव्हरचे दोन नग.

सायलेन्सरचा हँगर सरळ आहे. इलेक्ट्रिक गाडीला सायलेन्सरच नाही. पेट्रोल आणि हायब्रिड जितकी वर्षं चालतील तितकी वर्षं तो चालेल आणि भारतात ती वर्षं बरीच असतील. त्यामुळे उद्या जाणार नाही, पण त्याच्या भरवशावर नवी गुंतवणूक नको. इंजिन माउंटिंगचं थोडं वेगळं आहे. मोटरलाही माउंटिंग लागतंच, पण ड्रॉइंग नवं, वजन वेगळं, कंपनांची तऱ्हा वेगळी. म्हणजे काम राहील, फक्त ते तुम्हालाच मिळेल असं नाही, नव्यानं कोटेशन भरावं लागेल. सीटचं ब्रॅकेट तुमचा सोन्याचा नग आहे. गाडी पेट्रोलवर चालो की बॅटरीवर, माणूस बसणारच.

आणि हँडब्रेकचा लिव्हर. याच्याकडं तुमचं लक्षच नाही असं दिसतंय, कारण तुम्ही त्याला 'सेफ पार्ट' म्हटलंय. माझ्या मते चौघांत सगळ्यात धोक्यात तोच आहे. त्याचा इलेक्ट्रिक गाडीशी काही संबंध नाही. महागड्या गाड्यांत हँडब्रेक कधीच बटणावर गेला, आता तो मधल्या गाड्यांत उतरतोय. पेट्रोलचीच गाडी, तोच कारखाना, तोच ग्राहक, पण लिव्हर नाही. वर्तमानपत्रात अशी बातमी येत नाही. मॉडेलचं फेसलिफ्ट आलं की कळतं, आणि तोवर तुमच्या रॅकवर तयार माल पडलेला असतो.

आता जर्मनीत नेमकं काय बिघडलंय ते. हे कळलं तर पुढं तुमच्याकडं काय येणार ते ओळखता येईल.

तुमच्या दोनशे टनी प्रेसचा हिशेब करू. समजा हप्ता, गाळ्याचं भाडं, ऑपरेटर आणि विजेचा डिमांड चार्ज मिळून महिन्याला ९०,००० रुपये. प्रेस चालो न चालो, हे जाणारच. महिन्याला तीन लाख नग काढले तर नगामागं ३० पैसे पडतात. दीड लाखच निघाले तर ६० पैसे. आता नगामागं तुम्हाला सुटत होते २५ पैसे. खर्च ३० पैशांनी वाढला, म्हणजे प्रत्येक स्ट्रोकला ५ पैसे घरचे. माणसं तीच, डाय तीच, क्वालिटी तीच, तरी तोटा.

वोल्फ्सबर्गचं दुखणं हेच आहे, फक्त आकडे मोठे. कोरोनानंतर युरोपची बाजारपेठ पूर्वीइतकी भरून आलीच नाही. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये कंपनीच्या वित्तप्रमुखाने कामगारांच्या सभेत उघड सांगितलं की आपल्याला सुमारे पाच लाख गाड्यांची विक्री कमी पडतेय, म्हणजे साधारण दोन कारखान्यांचं काम. कारखाने उभे आहेत, पगार चालू आहेत, गाड्या तेवढ्या जात नाहीत.

मग कारखाने बंद का नाही केले? इथं एक गंमत आहे. या कंपनीत लोअर सॅक्सनी राज्य सरकारकडं २० टक्के मतं आहेत, आणि देखरेख करणाऱ्या मंडळात निम्म्या जागा कामगारांच्या प्रतिनिधींच्या. साखर कारखान्याचं संचालक मंडळ जवळून पाहिलेल्या माणसाला पुढचं समजावून सांगायला नको. मालकाला काय हवं आणि मंडळात काय पास होतं, यात अंतर असतं. सप्टेंबर २०२४ मध्ये व्यवस्थापनाने १९९४ पासूनचा नोकरीच्या हमीचा करार मोडला. ऑक्टोबरमध्ये कामगार परिषदेच्या प्रमुख डॅनिएला काव्हालो यांनी सांगितलं की किमान तीन कारखाने बंद करायचा बेत आहे. डिसेंबरात इशारा संप झाले, जवळपास लाखभर कामगार बाहेर पडले, आणि नाताळच्या तोंडावर तडजोड झाली. २०३० पर्यंत ३५,००० जागा कमी, पण थेट हकालपट्टी नाही. ड्रेस्डेनला २०२५ अखेर गाड्या बनणं बंद, ओस्नाब्रुकला २०२७ पर्यंत काम. तुम्ही वाचलेला आकडा हा. एका रात्रीत ३५,००० माणसं रस्त्यावर, असा त्याचा अर्थ नाही.

पण जर्मनीतला खर्च ही नवी गोष्ट नाही. इतकी वर्षं तो झाकला जात होता तो चीनमुळे. फोक्सवॅगन तिथं १९८४ च्या करारानं गेली, बहुतेक परदेशी कंपन्यांच्या आधी, आणि चीनमधली टॅक्सी म्हणजे त्यांची सांताना गाडी असे दिवस त्यांनी पाहिले. २०१९ मध्ये समूह तिथं ४२ लाखांवर गाड्या विकत होता. २०२४ मध्ये तो आकडा २९ लाखांच्या आसपास आला. २०२३ मध्ये बीवायडीने तिथं सगळ्यात जास्त विकणाऱ्या ब्रँडची जागा घेतली. आणि बीवायडी ही मुळात गाडीवाली नव्हेच. १९९५ ला शेन्झेनमध्ये मोबाइलच्या बॅटऱ्या बनवायला निघालेली कंपनी. गाड्यांत २००३ ला आली, आणि मार्च २०२२ मध्ये निव्वळ पेट्रोलवरच्या गाड्या बनवणंच थांबवलं.

फरक कुठं पडतो बघा. पेट्रोल गाडीत सगळ्यात अवघड वस्तू इंजिन, आणि इंजिन बनवण्यात जर्मनांचा हात कुणी धरत नाही. इलेक्ट्रिक गाडीत सगळ्यात महाग वस्तू बॅटरी, आणि ती बीवायडी स्वतः बनवते. मोटर स्वतःची, कंट्रोलर स्वतःचा. जर्मनांचं शंभर वर्षांचं कौशल्य जिथं आहे ती वस्तूच गाडीतून निघून गेली. त्यात चिनी कंपन्या नवं मॉडेल दीड-दोन वर्षांत रस्त्यावर आणतात, युरोपात त्याला चारेक वर्षं लागत आलीत. पीपीएपीची, म्हणजे नव्या पार्टच्या मंजुरीची, फाइल तिसऱ्यांदा परत आलेल्या माणसाला ती चार वर्षं कुठं जातात ते माहीत आहे.

तिसरं दुखणं सॉफ्टवेअरचं. २०२० मध्ये त्यांनी कॅरियाड नावाची स्वतःची सॉफ्टवेअर कंपनी काढली. काम रखडलं, समूहातल्याच पोर्शेची इलेक्ट्रिक मकान आणि ऑडीची क्यू-६ ई-ट्रॉन उशिरा आल्या, आणि २०२२ मध्ये प्रमुख हर्बर्ट डीस यांना जावं लागलं, ऑलिव्हर ब्लूम आले. शेवटी २०२३ मध्ये चीनच्या एक्सपेंगमध्ये ७० कोटी डॉलर घातले आणि २०२४ मध्ये अमेरिकेच्या रिव्हियनशी हात मिळवला. एकेकाळी चीनला गाडी बनवायला शिकवणारी कंपनी आज चिनी कंपनीकडून गाडीचा मेंदू घेते. कुणाला यात नामुष्की दिसेल. मला व्यवहार दिसतो. आपल्याला जमत नसेल तर जॉबवर्क बाहेर द्यावं, हे तुम्हीही प्लेटिंगचं करताच की.

बाकीचं भराभर सांगतो. २०१५ चं डिझेल प्रकरण आठवत असेल, चाचणी चालू असली की धूर कमी दाखवणारं सॉफ्टवेअर, जगभरात १ कोटी १० लाख गाड्या. त्यात ३० अब्ज युरोंहून जास्त गेले. तो पैसा नेमका बॅटरीत घालायच्या वर्षांत गेला. जर्मन सरकारने डिसेंबर २०२३ मध्ये इलेक्ट्रिक गाड्यांचं अनुदान अचानक थांबवलं. २०२५ मध्ये अमेरिकेने आधी २५ टक्के जादा आयात शुल्क लावलं, मग युरोपशी तडजोड होऊन एकूण १५ टक्क्यांवर आलं. त्याच वर्षी सप्टेंबरात पोर्शेने नव्या इलेक्ट्रिक गाड्या लांबवल्या आणि पेट्रोल-हायब्रिड पुढं चालू ठेवायचं ठरवलं, त्यात समूहाला ५ अब्ज युरोंच्या आसपास फटका बसला. ही शेवटची गोष्ट मी फार मोठी मानतो. पेट्रोल चालू ठेवायचं, हायब्रिड करायचं, इलेक्ट्रिकही करायचं, म्हणजे तीन डायांचा खर्च आणि एका डायचं उत्पादन. बीवायडीने निव्वळ पेट्रोलची बाजू सोडून दिली. जुन्या कंपनीला तसं सोडता येत नाही, कारण तिचे जुने ग्राहक, जुने कामगार आणि जुने कारखाने सगळे तिच्या गळ्यात आहेत.

हे सगळं वाळूजपर्यंत कसं पोचतं? बातमीच्या रूपात नाही. मी पाहिलंय त्यावरून क्रम साधारण ठरलेला असतो. आधी टियर-वनचं कॉस्ट-डाउनचं पत्र येतं, तीन टक्के रेट कमी करा. मग पेमेंटचे ६० चे ९० दिवस होतात. मग तुमच्याच पार्टचं ड्रॉइंग शेजारच्या सेक्टरमध्ये दुसऱ्याच्या टेबलावर दिसतं. शेड्यूल, म्हणजे महिन्याला मागितलेले नग, कमी होणं त्यानंतर.

आणि शेड्यूलमध्येही नेमकं कुठं बघायचं ते सांगतो. टियर-वनचं शेड्यूल येतं त्यात चालू महिना पक्का असतो आणि पुढचे दोन महिने अंदाज. बहुतेक जण चालू महिना बघून पत्रा मागवतात आणि कागद फाइलला लावतात. मी तिसरा महिना बघायचो. दर आठवड्याला तिसऱ्या महिन्याचा आकडा वहीत लिहून ठेवायचो, एकाखाली एक. गाडी खपेनाशी झाली की आधी तो आकडा हलतो. १२,००० चे ११,०००, मग ९,५००. चालू महिना तोवर १२,००० च दाखवत असतो.

ही अक्कल फुकट आली नाही. बारा-तेरा वर्षांपूर्वी मी ज्या शॉपचं काम बघत होतो, तिथं एका परदेशी कंपनीच्या मॉडेलसाठी आम्ही प्रोग्रेसिव्ह डाय, म्हणजे पत्र्यावर टप्प्याटप्प्यानं काम करणारा साचा, बनवली. डायचे पैसे एकदम मिळाले नव्हते, नगामागं थोडे थोडे फिटणार होते, पाच लाख नगांवर. मॉडेल चाललं नाही. एक लाख चाळीस हजार नगांवर शेड्यूल शून्य झालं. तयार माल, आठ टन कॉइल आणि न फिटलेली डाय आमच्या अंगावर. टियर-वन म्हणाला आम्हालाच मिळाले नाहीत. करारात किमान नगांची ओळच नव्हती, कारण मी ती मागितलीच नव्हती, मोठं नाव बघून भुललो होतो. ती डाय कितीतरी दिवस गेटच्या आत ताडपत्रीखाली पडून होती. शेवटी भंगारात किलोवर गेली.

आता काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर आहेत, त्या मला इथून दिसत नाहीत. तुमचे पार्ट कुठल्या गाडीत जातात हे बघा. आपल्याकडं बऱ्याच जणांना वाटतं की शेंद्र्याला प्लांट आहे म्हणजे आपला माल तिथंच जातो. शेंद्र्याला २००१ पासून स्कोडा आणि पुढं ऑडीच्या महागड्या गाड्या बहुतांशी बाहेरून आलेले संच जोडून बनत आल्यात. तिथं स्थानिक पार्टला वाव कमी. मोठ्या संख्येच्या गाड्या, म्हणजे कुशाक, स्लाव्हिया, टायगुन, व्हर्टस आणि २०२४ च्या नोव्हेंबरात दाखवलेली कायलॅक, या पुण्याजवळ चाकणला बनतात. त्या भारतासाठीच, भारतातल्या पार्टवर बेतलेल्या आहेत. तुमचे नग चाकणच्या गाड्यांना जात असतील तर तुमचं नशीब जर्मनीपेक्षा कायलॅकच्या खपाला जास्त बांधलेलं आहे. आणि टियर-वन तुमचे नग निर्यात करत असेल तर मात्र युरोपच्या बातम्या रोज वाचा.

दुसरी शक्यताही डोळ्यांआड करू नका. खर्चाने बेजार झालेला युरोपचा खरेदीवाला स्वस्त पण नीट माल शोधत भारतात येतो. तो आला की बोलण्याआधी नग उचलतो आणि कडेवरून नख फिरवतो. बर, म्हणजे कापलेल्या कडेची खरखर, लागली नखाला की पुढचं प्रेझेंटेशन वाया. आयएटीएफ १६९४९ चं, म्हणजे वाहन उद्योगाच्या दर्जाचं, सर्टिफिकेट भिंतीवर आहे का हे नंतर, नख आधी. तुमच्या डाय वेळेवर ग्राइंडिंगला जात असतील तर ही मंदी तुम्हाला नवं गिऱ्हाईकही देऊ शकते.

आणि बिडकीनच्या नव्या औद्योगिक वसाहतीच्या जोरावर कर्ज काढू नका. टोयोटाने जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारशी सामंजस्य करार केला, एथरचंही नाव आहे, चांगलंच आहे. पण सामंजस्य कराराला शेड्यूल नसतं. कारखाना उभा राहून तिसऱ्या पातळीवरच्या व्हेंडरला पहिला पीओ, म्हणजे खरेदीची ऑर्डर, येईपर्यंत तुमच्या व्हीएमसीचे निम्मे हप्ते फिटलेले असतील, किंवा थकलेले.

मग मशिन घ्यावं का? माझं मत, घ्या. व्हीएमसी हे कुणा एकाचं मशिन नाही, हीच त्याची बाजू. एकाच पार्टसाठी बनवलेलं स्पेशल पर्पज मशिन घेणार असता तर मी हात जोडून नको म्हटलं असतं. व्हीएमसीवर आज डायच्या प्लेटा मारा, उद्या शेतीअवजारांचं काम घ्या, परवा दुचाकीवाल्यांचं. वाळूज हे १९८५ पासून मुळात दोन-तीन चाकींचं गाव आहे, चारचाकीच्या नादात ते विसरायला होतं. पण फोक्सवॅगनचं काम अजिबात आलं नाही तरी हप्ता निघतो का, असा हिशेब आधी मांडा. चिकलठाण्याला इंडो-जर्मन टूल रूम आहे, तिथं जाऊन बाहेरच्या तासाचा दर विचारा. त्या दराने महिन्याला किती तास भरले की हप्ता सुटतो ते काढा. दिवसाच्या एका पाळीत सुटत असेल तर पुढं चला. दोन पाळ्या लागत असतील तर सहा महिने थांबा किंवा चांगलं वापरलेलं मशिन बघा, मात्र स्पिंडल तपासायला जाणता माणूस सोबत न्या.

चार एकर लावू नका. वडिलांना माझा नमस्कार सांगा आणि हे वाचून दाखवा. सीजीटीएमएसई या छोट्या उद्योगांसाठीच्या सरकारी हमी योजनेखाली तारणाशिवाय कर्ज मिळतं, हमी शुल्क द्यावं लागतं, आणि बँकेचा साहेब ते स्वतःहून सांगेलच असं नाही. तुम्ही नाव घेऊन विचारा. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, नसेल तर आधी ती. तिचा दुसराही उपयोग आहे: सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असतात, आणि २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून आयकराच्या नियमामुळे (जुन्या कायद्यातलं कलम ४३बी(एच)) थकवलेली रक्कम त्या वर्षी खर्च म्हणून दाखवता येत नाही. टियर-वनचा साहेब ऐकत नसला तरी त्याचा सीए ऐकतो. मार्चमध्ये तर फारच ऐकतो.

सत्तर टक्के एका गिऱ्हाइकाचं, हे मात्र कमी करायलाच हवं. एकदम सोडू नका, नवं मशिन जुन्या गिऱ्हाइकाला देऊ नका इतकंच. व्हीएमसीचे तास बाहेरच्यांसाठी ठेवा, दोन वर्षांत सत्तरचे पन्नास आपोआप होतील.

थोडक्यात क्रम असा लावा: आधी वही काढून मागच्या सहा महिन्यांचे तिसऱ्या महिन्याचे आकडे उतरवा, मग टियर-वनच्या डेव्हलपमेंटवाल्याला चारही पार्टचं मॉडेल आणि उरलेलं आयुष्य विचारा, मग बँक. खरेदीवाल्याला विचारू नका, तो रेट पाडायच्या घाईत गोड बोलेल. डेव्हलपमेंटवाल्याला नव्या मॉडेलची ड्रॉइंगं दिसतात, आणि चहाच्या टपरीवर तो खरं सांगतो.

हँडब्रेकच्या लिव्हरची डाय दुरुस्तीला टाकायची आहे असं तुम्ही शेवटी लिहिलंय. नवे पंच आणि डाय इन्सर्ट म्हणजे लाख-दीड लाख जातील. ऑर्डर द्यायच्या आधी डेव्हलपमेंटवाल्याला एक फोन नक्की करा.